ओट्याएवढा रस्ता

१३ जुलै, रविवार, सकाळी

आजपासून रोजनिशी. निरीक्षकाने स्वतःच्या नोंदी ठेवाव्यात असं कोर्समध्ये सांगितलं आहे. कोर्स ऑनलाइन. विषय: वादग्रस्त नागरी प्रश्नांवर लोक बोलतात कसे, आणि सोशल सायकॉलॉजी त्याबद्दल काय सांगते. फी कंपनीनं भरली. मी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत पर्सोनेल ऑफिसर असल्यामुळे माणसं ओळखणं हा माझा धंदाच आहे. आता त्याला सर्टिफिकेट मिळेल.

अभ्यासाला जिवंत वाद पाहिजे. देवाच्या कृपेनं तो आमच्याच लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, आहे. नागपूरच्या बेस्यातल्या आमच्या रस्त्याचं डांबर उखडलं आहे आणि सिमेंटचा रस्ता मंजूर झाला आहे. निम्मे लोक म्हणतात लगेच टाका. निम्मे म्हणतात थांबा, कारण जुन्या रस्त्यावरच सिमेंटचा थर चढवला की रस्ता वर जातो, घरं खाली राहतात आणि पाणी आत येतं.

माझं घर उंच जोत्यावर आहे. त्यामुळे मी पूर्ण नि:पक्षपाती राहू शकतो.

१५ जुलै, मंगळवार

दोन्ही गटांचे म्होरके नक्की केले.

'थांबा' गटाचा मनोहर. माझा शेजारी, भिंतीला भिंत. आम्ही दोघांनी एकाच वर्षी इथे प्लॉट घेतले, तेव्हा बेस्याला रिक्षावालाही यायला तयार नसे. मनोहरनं घर आधी बांधलं, हात आखडता होता म्हणून जोतं बुटकं ठेवलं. त्याच्या घरापुढचा ओटा आजच रस्त्यापेक्षा जेमतेम वर आहे.

'लगेच टाका' गटाचा दुर्गेश. तिशीतला, कोपऱ्यावरचं नवं डुप्लेक्स. त्याची आई वच्छलाबाई जूनमध्ये खड्ड्यात स्कूटरवरून पडली, मनगट मोडलं. त्या दिवसापासून तो खड्ड्याचं नाव काढलं की पेटतो.

संध्याकाळी मनोहर कुंपणापाशी आला. म्हणाला, "अनंत, मी सिमेंटले नाही म्हणूनच नाही राहिलो गा. आधी जुना रस्ता खोदा, मंग टाका, इतकंच म्हणून राहिलो. तू मीटिंगमध्ये उभा राहून सांग का मनोहर बरोबर बोलून राहिला. तुह्यं ऐकतात लोक."

मी त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, "मला तुझी भावना समजते." हे वाक्य कोर्सच्या दुसऱ्याच व्हिडिओत आहे. तो आत निघून गेला. परिणाम झालेला दिसतो.

माझ्या बायकोचं, इंदुचं म्हणणं, मनोहरभाऊंनी भावना सांगितलीच नव्हती, पाणी कुठपर्यंत येईल ते सांगितलं होतं. इंदुनं कोर्स केलेला नाही.

१७ जुलै, गुरुवार

आजचा धडा फार महत्त्वाचा. प्रत्येकाला वाटतं की आपण जग जसं आहे तसं पाहतो आणि बाकीचे पूर्वग्रहदूषित आहेत. हा दोष जवळपास सगळ्यांत सापडतो. माझ्यात आहे का ते तपासलं. नाही.

१९ जुलै, शनिवार

दुर्गेशवर ॲक्टिव्ह लिसनिंग केलं. यात समोरच्याचे शेवटचे शब्द आपण परत म्हणायचे, म्हणजे त्याला वाटतं याने ऐकलं. तो म्हणाला, "काका, आता सहन होत नाही." मी म्हणालो, "सहन होत नाही." तो म्हणाला, "आईला रोज दवाखान्यात घेऊन जावं लागतं." मी म्हणालो, "घेऊन जावं लागतं." असं चार-पाच वेळा झाल्यावर तो एकदम मोठ्यानं बोलायला लागला. मग त्याहून मोठ्यानं. मला वाटलं भावनांचा बांध फुटला.

निघताना वच्छलाबाईंनी प्लॅस्टरच्या हातानं धंतोलीच्या एका कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. "लवकर दाखवा जी, वय आहे तवाच इलाज होते," म्हणाल्या.

२० जुलै, रविवार

रविवारी सकाळी मी आणि मनोहर चालत चौकापर्यंत जातो आणि तर्री-पोहे खातो. गेली कित्येक वर्षं यात खंड नाही. आज मिररिंग करून पाहिलं. समोरचा जे करतो ते आपण करायचं, नकळत जवळीक वाढते. मनोहरनं पाय हलवला, मी हलवला. त्यानं कानात बोट घातलं, मी घातलं. त्यानं दुसऱ्यांदा तर्री घेतली, मीही घेतली. त्यानं तिसऱ्यांदा घेतली.

दुपारभर पडून आहे. पोटात आग. शास्त्राची साधना सोपी नसते.

जाताना त्यानं पुन्हा विचारलं, मीटिंगमध्ये बोलशील ना. मी म्हणालो, मी एका बाजूनं बोललो तर दुसरी बाजू माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. तो म्हणाला, "मले दुसरी बाजू नाही पाहिजे बे, तू पाहिजे." अत्यंत भावनिक विधान. नोंदवून ठेवलं.

२१ जुलै, सोमवार

आमच्या लेआउट समितीचे अध्यक्ष देवरावजी दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला जाणार आहेत. म्हणजे अध्यक्ष बदलणार. मला पदाचा मोह नाही. सहज म्हणून व्हिजिटिंग कार्डाचे नमुने पाहिले. क्रीम रंगाचं बरं वाटतं.

२३ जुलै, बुधवार

दोन्ही गटांमध्ये निरोप्याचं काम सुरू केलं. निरोप जसाच्या तसा द्यायचा नाही, त्यामागची खरी गरज ओळखून नव्या शब्दांत द्यायचा. याला रिफ्रेमिंग म्हणतात.

दुर्गेशला जाऊन सांगितलं की मनोहररावांच्या विरोधाच्या मुळाशी भीती आहे. पाण्याची म्हणायचं राहून गेलं. पण मूळ भावना पोचली हे महत्त्वाचं.

रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर दुर्गेशनं टाकलं: 'कोणी कोणाला भिऊन रस्ता अडवू नये, मी कोणालाही काही करत नाही.'

२४ जुलै, गुरुवार

मनोहर सकाळीच दारात. बनियनवर. "मी भेतो? त्या पोट्ट्याले? कोणं सांगितलं त्याले मी भेतो म्हणून?" मी शांतपणे ऐकून घेतलं. इतके दिवस आत दाबलेलं बाहेर आलं, ही चांगली खूण आहे. कोणी सांगितलं ते मी सांगितलं नाही. सूत्रांची गुप्तता.

मुलगी रितिका म्हणाली, "बाबा, तुम्ही काही न करता बसला असता तर यापेक्षा कमी भांडण झालं असतं." मुलांना प्रक्रिया समजत नाही. त्यांना रिझल्ट पाहिजे.

२७ जुलै, रविवार, दुपारी

आज मोठा प्रयोग. हनुमान मंदिराच्या टिनाच्या शेडमध्ये सभा बोलावली. देवरावजी अध्यक्ष, मी सूत्रधार. प्रयोगाचं नाव पर्स्पेक्टिव्ह टेकिंग. दुर्गेशनं मनोहर म्हणून बोलायचं आणि मनोहरनं दुर्गेश म्हणून. एकमेकांच्या चपलेत पाय घातला की दुसऱ्याचं दुखणं कळतं.

आधी दुर्गेश उठला. त्यानं मनोहरसारखा डोक्याला दुपट्टा बांधला, मनोहरसारखा खोकला काढला आणि म्हणाला, "माह्या घरात पाणी येईन गा! माह्या घरात बेंडकं येतीन! माह्या घरात मगर येईन!" शेड हसून पडायचं बाकी होतं. मी टाळ्या वाजवल्या. निरीक्षण किती बारीक!

मग मनोहर उठला. त्यानं बोटात चावी फिरवली, कानाला हात लावला आणि म्हणाला, "हॅलो, हां, दुर्गेश बोलून राहिलो. रस्ता? माह्या बापाचा रस्ता आहे. उद्या टाकून टाका."

दुर्गेशचे वडील दोन वर्षांमागे गेले. हे मनोहरच्या लक्षात नसावं, कारण बोलून झाल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण तोवर "बाप काढला, बाप काढला" अशी आरडाओरड सुरू झाली होती. खुर्च्या सरकल्या. एक फेकलीही गेली, पण कोणाला लागली नाही. देवरावजी माइकवरून "शांतता, शांतता" म्हणत होते आणि माइक बंद होता.

निष्कर्ष: दोन्ही गटांत आता उदासीनता उरलेली नाही.

२८ जुलै, सोमवार

इंदु म्हणते, जाऊन सरळ मनोहरभाऊंना सांगा की तुमचं बरोबर आहे, आधी खोदा, मग टाका. आणि दुर्गेशला सांगा, खोदायला वेळ लागेल तोवर आईला फॅक्टरीत जाताना मी दवाखान्यात सोडतो. विषय संपला.

मी तिला समजावलं की हे लोक जे बोलतात ती त्यांची पोझिशन असते. खरी गरज खाली असते. ती म्हणाली, "खाली त्यांचा ओटा आहे." तिच्याशी ॲक्टिव्ह लिसनिंग जमत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

यश! यश! यश!

तत्त्व असं: माणसाकडून आधी एक छोटा होकार घ्यायचा, मग मोठ्या होकाराला तो आपोआप तयार होतो. आज मंदिरात आरतीनंतर सगळे थांबले होते. दोन्ही गट, दोन कोपऱ्यांत. मी मधे उभा राहून एकच साधा प्रश्न विचारला. चांगला रस्ता कोणाकोणाला पाहिजे? हात वर करा.

सगळ्यांचे हात वर. सगळ्यांचे! मनोहरनं तर दोन्ही हात वर केले, म्हणाला, "चांगल्या रस्त्याले कोण नाही म्हणते गा." मी पटकन फोटो काढला. पहिल्या रांगेत मनोहर, हात आभाळाला. फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: 'रस्त्यासाठी अखेर एकमत!' बत्तीस लाइक. देवरावजींनी फुलांचा गुच्छ पाठवला, म्हणजे ग्रुपवरचा.

आता मोठ्या होकाराची तयारी.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी गिट्टीचा ट्रक आला. मग दुसरा. कळलं ते असं: दुर्गेशनं माझा फोटो रस्त्याच्या कामाच्या इंजिनिअर साहेबांना पाठवला. साहेबांनी फोटो पाहिला, 'एकमत' वाचलं, ठेकेदाराला सांगितलं काम सुरू करा, गणपतीच्या आधी थर टाकून मोकळे व्हा. खोदण्याची भानगड नाही.

ठेकेदाराच्या माणसांनी नव्या रस्त्याची उंची दाखवायला दोरी बांधली. दोरी बरोबर मनोहरच्या ओट्याला टेकली. वर नाही, खाली नाही. ओट्याएवढा रस्ता.

मी बुटीबोरीहून आलो तेव्हा मनोहर दोरीपाशी उभा होता. त्याची बायको रुखमाबाई दारात. त्यानं विचारलं, "फोटो तू काढला?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "हात मी चांगल्या रस्त्यासाठी वर केला होता बे. घरात पाणी घ्याले नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला त्यावर एक तंत्र माहीत आहे.

मी त्याला सांगायला लागलो की छोटा होकार म्हणजे काय असतो. तो आत गेला आणि कडी लावली. त्यांच्याकडे दिवसा कडी कधी लावत नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार

मनोहरनं लेआउटचा ग्रुप सोडला. याला कॉग्निटिव्ह डिसोनन्स म्हणतात. आपलं वागणं आणि आपली मतं जुळली नाहीत की माणूस अस्वस्थ होतो. त्याची अवस्था तात्पुरती आहे.

मी जेवलो नाही. भूक नव्हती. हवामान.

१० ऑगस्ट, रविवार

एकटाच चौकात गेलो. पोहेवाल्यानं दोन प्लेटा लावल्या, मग विचारलं, "भाऊ नाही आले का जी?" म्हणालो, येतील मागून. दोन्ही प्लेटा मी खाल्ल्या.

वाईट वाटलं. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे. फार वाईट वाटलं. हे घर बांधताना माझ्याकडे पाण्याचं कनेक्शन नव्हतं, तेव्हा मनोहरनं भिंतीवरून पाइप टाकून दिला होता, अख्खा उन्हाळा. एकदा म्हणून विचारलं नाही की किती दिवस लागतील.

ठरलं. उद्या त्याच्या दारात जायचं आणि सरळ सांगायचं: तू बरोबर आहेस. मग इंजिनिअरकडे दोघांनी जायचं.

११ ऑगस्ट, सोमवार

निघालो होतो. खरंच निघालो होतो. कुंपणाशी देवरावजी भेटले. म्हणाले, "अनंतराव, पुढचा अध्यक्ष म्हणून दोन्हीकडून तुमचंच नाव येऊन राहिलं. काहून का तुम्ही आजवर कोणालेच काही बोलले नाही." मी म्हटलं, जनतेची इच्छा.

अशा वेळी एका बाजूला झुकणं दुसऱ्या बाजूवर अन्याय होईल. मनोहरलाही अध्यक्ष मी झालो तर जास्त फायदा आहे. तेव्हा त्याच्याच हितासाठी आज गेलो नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. एक गट झेंड्याच्या डावीकडे, एक उजवीकडे. मी खांबापाशी. राष्ट्रगीत दोन वेगळ्या वेगांत झालं.

तेवढ्यात मला कोर्सचा एक धडा आठवला. भांडणाऱ्या दोन गटांना एकत्र आणायचं असेल तर दोघांना मिळूनच करता येईल असं एक काम द्या. आणि एकदम सुचलं. बडग्या!

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा, म्हणजे सगळी पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा, पुतळा निघतो, तिच्यासोबत बडगे. लोकांना ज्याचा वैताग आला त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. तो मिरवायचा, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडायचं आणि शेवटी जाळायचा. वर्षभराची पीडा गेली. मी जिलेबी वाटताना प्रस्ताव मांडला: या वर्षी आपल्या लेआउटचा स्वतःचा बडग्या, दोन्ही गटांनी मिळून.

दुर्गेशनं मनोहरकडे पाहिलं. मनोहरनं दुर्गेशकडे पाहिलं. त्या सभेनंतर पहिल्यांदाच. दुर्गेश म्हणाला, "काका, आयडिया एक नंबर आहे. विषय आम्ही ठरवतो, तुम्ही टेन्शन नका घेऊ." मनोहर हसला. माझ्याकडे पाहून नाही, पण हसला.

शास्त्र शास्त्र म्हणतात ते हे.

१८ ऑगस्ट, सोमवार

बडग्याचं काम दुर्गेशच्या पार्किंगमध्ये चाललं आहे. रोज संध्याकाळी दोन्ही गट एकत्र. बांबू, पेंढा, जुन्या पेपरचा लगदा. मी डोकावायला गेलो तर शटर अर्धं खाली. दुर्गेश म्हणाला, सरप्राइज आहे काका. आतून मनोहरचा आवाज: "पोट अजून वाढवा रे, इतक्यानं नाही होत!" आणि हशा.

सूत्रधाराशिवाय प्रक्रिया चालते हेच सूत्रधाराचं सर्वात मोठं यश. घरी येऊन इंदुला हे सांगितलं. ती शिलाई मशीनवर होती, मान वर न करता हो म्हणाली. मशीनवर माझी जुनी सफारी होती. म्हटलं, ही काय दुरुस्त करते आहेस. म्हणाली, देऊन टाकायची आहे, बटणं लावते. किती मनाची मोठी बाई.

२० ऑगस्ट, बुधवार

रितिकानं माझे फोटो काढले. समोरून, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. अध्यक्षपदाच्या कार्डासाठी असावेत. मी विचारलं नाही, तिचा आनंद कशाला घालवा.

गिट्टी दोन आठवडे तशीच पडून आहे. दोरीही काढली. ठेकेदाराची माणसं दिसत नाहीत. सरकारी काम, दुसरं काय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. पुरणपोळ्या पाच. उद्यापासून कमी.

२३ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी

सविस्तर लिहितो, कारण डोकं जागेवर नाही.

सकाळी आमचा बडग्या टेम्पोत चढवला, वरून ताडपत्री. अख्खं लेआउट मिरवणुकीला इतवारीत. तिथे तर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. ताडपत्री काढली. बडग्या अप्रतिम! पोट सुटलेलं, चष्मा, आणि एकाच डोक्याला दोन तोंडं, एक डावीकडे, एक उजवीकडे. मागे एक दोरी. ती ओढली की मान हलायची. दोन्ही तोंडं एकदम होकार द्यायची.

मी ओळखलं. हा इंजिनिअर. दोन्ही बाजूंना हो म्हणतो आणि करत काहीच नाही. काय अचूक टीका! मी पुढे झालो आणि घोषणा माझ्याच हातात घेतल्या. "दोन तोंडाच्या माणसाले, घेऊन जा गे मारबत!" लोक जोरात ओरडले. आमचे लोक तर इतके हसले की वच्छलाबाईंना खाली बसावं लागलं. मी आणखी चढ्या आवाजात. दोरीही थोडा वेळ मीच ओढली.

गर्दीतल्या एका अनोळखी माणसानं मनोहरला विचारलं, कोण हाय जी हा. मनोहर म्हणाला, "आमच्या लेआउटचा आहे. सगळ्याईले समजून घेते, कोणाच्याच बाजूनं बोलत नाही." तो माणूस म्हणाला, "आमच्याकडं बी हाय एक."

तेव्हाही मला वाटलं, इंजिनिअर साहेब बेस्यात राहायला कधी आले.

मग रितिकानं माझी बाही ओढली. म्हणाली, "बाबा, सफारी ओळखली नाही का तुम्ही?"

मी सफारीकडे पाहिलं. बटणं नवी होती.

जाळताना मी तिथेच उभा होतो. हसलो. सगळे पाहत होते, न हसून कसं चालेल.

परत येताना टेम्पोत मनोहर येऊन माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "जळाला तो. झालं. आता मनात काही नाही." मग सांगितलं की रस्त्याचं ठरलं. लगदा कालवता कालवता त्यानं दुर्गेशची बापावरून माफी मागितली, दुर्गेशनं त्याचा ओटा येऊन पाहिला. आधी जुना रस्ता खोदायचा, मग सिमेंट. तोवर वच्छलाबाईंना दवाखान्यात मनोहर आपल्या स्कूटरवर नेतो. इंजिनिअरनं मान्य केलं. म्हणून दोरी निघाली.

मला का नाही सांगितलं, असं विचारलं. मनोहर म्हणाला, "तुले सांगितलं असतं तर तू समजून घ्याले आला असता."

मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "सोमवारी खोदकाम आहे. येजो."

२४ ऑगस्ट, रविवार

इंदु म्हणाली, बटणं मी लावली, त्यावर काही बोलायचं असेल तर बोला. मी चहा मागितला.

खूप विचार केला. कोर्स अर्ध्यावर सोडतो. नाहीतरी शेवटची परीक्षा अवघड आहे. अध्यक्षपद गेलं खड्ड्यात. उद्यापासून माणसानं एक विचारलं की एका शब्दात उत्तर द्यायचं. आरशासमोर सराव केला. हो. नाही. तू बरोबर आहेस. तिन्ही चांगली जमतात.

मनोहर उद्या बघेल.

२५ ऑगस्ट, सोमवार

फॅक्टरीला अर्धी सुट्टी टाकली. जेसीबी आला होता, इंजिनिअर आला होता, सगळं लेआउट रस्त्यावर. देवरावजीही. मी मनोहरच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तो सरकला आणि जागा दिली.

इंजिनिअरनं विचारलं, किती खोदायचं. नऊ इंच की बारा? नऊ इंच खोदलं तर काम लवकर संपेल, पण मोठ्या पावसात पाणी ओट्यावर चढू शकेल. बारा खोदलं तर ओटा सुरक्षित, पण चिखल आणखी आठवडाभर. एक-दोघं नऊ म्हणाले. कोणी बारा म्हणालं. गलका झाला.

तेवढ्यात दुर्गेशनं हात वर केला आणि म्हणाला, "थांबा. अनंतकाका सांगतील ते फायनल. काका, नऊ की बारा?"

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. मनोहर माझ्याकडे पाहत होता.

बारा. मला माहीत होतं बारा. शब्द जिभेवर होता, सराव केलेला. मी तोंड उघडलं. समोर देवरावजी दिसले. दुर्गेश दिसला. नऊवाले दिसले, त्यांची मुलं चिखलातून शाळेत जातात. मी म्हणालो, "दोन्ही आकड्यांच्या मागे आपापली एक..."

पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही. इतकं हसले सगळे. दुर्गेशनं उडी मारली. कोणीतरी त्याला टाळी दिली. इंजिनिअरनं जेसीबीला खूण केली. मनोहरच्या भिंतीवर खडूनं बारा आधीच लिहिलेलं होतं. हे कधीचंच ठरलं होतं.

पैज होती. मी सांगतो की नाही याची. हरेल त्यानं सगळ्यांना कचोरी खाऊ घालायची. अख्ख्या लेआउटनं एकीकडून लावली होती, अनंत भोयर सांगणार नाही म्हणून. माझ्या इंदुनंसुद्धा.

मनोहर पिशवी घेऊन चौकात गेला. परत येऊन सगळ्यांना कचोऱ्या वाटल्या, जेसीबीवाल्यालाही. मलाही एक दिली. "खाय, गरम आहे," म्हणाला आणि पुढे गेला.

माझ्या बाजूनं तो एकटाच होता.